बॅकअपची मुदत कोण ठरवतं?

१४ डिसेंबर २०२१ च्या संध्याकाळी जपानमधल्या क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर एक साफसफाईची स्क्रिप्ट बिघडली. बॅकअपच्या प्रोग्रॅमने मागे सोडलेल्या, दहा दिवसांहून जुन्या लॉग फायली पुसायच्या, एवढंच तिचं काम होतं. १६ तारखेच्या दुपारपर्यंत ती चालू राहिली. तोवर संशोधकांच्या सुमारे ३ कोटी ४० लाख फायली, म्हणजे ७७ टेराबाइटच्या आसपास डेटा नाहीसा झाला होता. फटका चौदा संशोधन गटांना बसला आणि त्यातल्या चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आणता आला नाही.

यंत्रणा पुरवणाऱ्या ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझच्या जपानी कंपनीने जबाबदारी घेतली आणि कारणही मोकळेपणाने सांगितलं. स्क्रिप्ट वाचायला सोपी व्हावी म्हणून तिच्यातल्या व्हेरिएबलची, म्हणजे माहिती धरून ठेवणाऱ्या खणांची, नावं बदलली होती. ही नवी आवृत्ती, जुनी चालू असतानाच, तिच्याच जागी ठेवली गेली. बॅश हे स्क्रिप्ट चालवणारं शेल सगळी स्क्रिप्ट एका दमात वाचून घेत नाही, पुढे सरकेल तसं वाचतं. चालू असलेल्या स्क्रिप्टला मधूनच नवा मजकूर मिळाला, ज्यात फोल्डरचं नाव असायला हवं ते व्हेरिएबल रिकामं निघालं, आणि लॉगच्या फोल्डरऐवजी सगळी फाइल सिस्टीमच जुन्या फायली शोधून पुसणाऱ्या ‘फाइंड’ कमांडच्या तोंडी आली.

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसांमध्ये या प्रसंगाची चर्चा बहुतेक वेळा बॅशच्या या सवयीवर होते. मला मात्र विद्यापीठाच्या निवेदनातली दुसरीच ओळ सोडत नाही. कोणत्या फायली गेल्या? तर ३ डिसेंबरनंतर ज्यांच्यात काही बदल झाला नव्हता त्या. रोज ज्यांच्यावर काम चालू होतं त्या वाचल्या. पूर्ण झालेली मोजमापं, संपलेली सिम्युलेशन, ‘हे आता झालं’ म्हणून विश्वासाने ठेवून दिलेलं काम, ते गेलं. स्क्रिप्ट बिघडली होती, पण तिच्यातला नियम जसाच्या तसा शाबूत होता: दहा दिवस हात लागला नाही म्हणजे जुनं, आणि जुनं म्हणजे नको. लॉगच्या बाबतीत हे बरोबर आहे. माणसांच्या कामाच्या बाबतीत ते बरोबर आहे का, हे त्या नियमाला कुणी विचारलेलं नसतं.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत स्टोरेज आणि बॅकअपचं काम बघते. लोकांना वाटतं बॅकअपचं काम म्हणजे प्रती घेणं. प्रती घेणं आता बरंचसं आपोआप होतं. खरं डोकं लागतं ते जुन्या प्रती काढताना. डिस्क कितीही घ्या, भरते. आमचा मुख्य बॅकअप सर्व्हर झेडएफएस या फाइल सिस्टीमवर आहे. झेडएफएसचा पूल, म्हणजे डिस्कची एकत्र केलेली जागा, ८० टक्क्यांच्या वर भरला की मोकळी जागा शोधायला त्याला कष्ट पडू लागतात, लिहिणं मंदावतं, म्हणून ८० वर अलर्ट लावायची पद्धत आहे. हा अलर्ट येतो तो क्षण मला या सगळ्या कामातला सर्वांत धोक्याचा वाटतो. कारण त्या वेळी संस्थेच्या कुठल्या आठवणी ठेवायच्या आणि कुठल्या नाही, हे ठरवणारा माणूस असतो रात्री लॅपटॉप उघडून बसलेला सिस्टिम ॲडमिन, आणि त्याच्यासमोर निकष असतो एकच: काय काढलं तर जागा होईल.

कुठली प्रत किती काळ ठेवायची, हा मुदतीचा नियम आधी, शांतपणे, लिहून ठेवायचा तो याचसाठी. आणि नियम लिहायला बसलं की कळतं, हा किती निसरडा प्रकार आहे.

सर्वांत सोपा आणि सर्वत्र दिसणारा नियम म्हणजे ‘तीस दिवसांहून जुनं पुसा’. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या यादीत, एक ओळ टाकली की झालं. आता समजा, बॅकअप घेणारा जॉब एखाद्या दिवशी बंद पडला. पासवर्ड बदलला, सर्टिफिकेट संपलं, डिस्क माउंट झाली नाही, काहीही. अपयशाची मेल ज्या पत्त्यावर जाते तो माणूस नोकरी सोडून गेलेला. नवी प्रत येत नाही. पुसणारी ओळ मात्र ठणठणीत आहे, ती रोज रात्री उठते आणि तीस दिवसांहून जुनी प्रत काढते. महिना उलटला की फोल्डर रिकामं. कुठेही चूक नाही, कुठेही एरर नाही, नियम तंतोतंत पाळला गेलेला आहे.

चांगली साधनं हा सापळा ओळखून बनवलेली असतात. बोर्ग या बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये रोजच्या सात प्रती ठेवा असं सांगितलं, तर तो गेले सात दिवस मोजत नाही; ज्या दिवशी प्रत घेतली गेली असे शेवटचे सात दिवस मोजतो. बॅकअप चार महिने बंद असला तरी त्या सात तिथेच राहतात. रेस्टिक या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘अमुक काळातलं ठेव’ असा पर्याय आहे, पण तो काळही आजपासून मोजला जात नाही, शेवटच्या स्नॅपशॉटपासून, म्हणजे त्या क्षणाच्या प्रतीपासून, मागे मोजला जातो. ज्याने कुणी हा निर्णय घेतला त्याने कधीतरी एखादं रिकामं फोल्डर पाहिलं असणार, असं मला नेहमी वाटतं.

मुदतीचा सर्वांत विचारपूर्वक केलेला नमुना मात्र मी पाहिला तो एका जुन्या, अवजड प्रणालीत. आयबीएमचं टिव्होली स्टोरेज मॅनेजर, ज्याला पुढे स्पेक्ट्रम प्रोटेक्ट आणि आता स्टोरेज प्रोटेक्ट म्हणतात. ज्यांनी त्यावर काम केलं त्यांना मुदत संपलेल्या प्रती काढणारी ‘एक्स्पायर इन्व्हेंटरी’ ही कमांड आठवत असेल. रोजच्या वेळापत्रकात तिची जागा ठरलेली असायची. ही प्रणाली एका फाइलबद्दल चार वेगवेगळे प्रश्न विचारते. फाइल मूळ मशीनवर अजून असेल तर तिच्या किती आवृत्त्या ठेवायच्या? फाइल मूळ मशीनवरून पुसली गेली असेल तर किती? शेवटची सोडून बाकीच्या जुन्या आवृत्त्या किती दिवस ठेवायच्या? आणि पुसलेल्या फाइलची जी एकच, अखेरची आवृत्ती उरली, ती किती दिवस? प्रणालीसोबत येणाऱ्या मूळ धोरणात याची उत्तरं २, १, ३० आणि ६० अशी भरलेली असतात.

चौथ्या प्रश्नावर मी बराच वेळ घालवला आहे. कारण तिथे गोष्ट कायमची संपते. एखाद्या विद्यार्थ्याने मार्चमध्ये आवरासावर करताना चुकीचं फोल्डर उडवलं, मग परीक्षा, मग गावी, आणि जूनच्या मध्यात परत आल्यावर त्याला कळलं, तर साठ दिवस होऊन गेलेले असतात. आयबीएमचा साठचा आकडा चुकीचा आहे असं नाही. तो आमच्या वर्षाच्या चक्राला ओळखत नाही, एवढंच. आम्ही ती मुदत एका शैक्षणिक वर्षाहून थोडी जास्त धरली, आणि ती जागा परवडावी म्हणून बदललेल्या फायलींच्या मधल्या आवृत्त्या कमी केल्या. लोक बदललेल्या फाइलची जुनी आवृत्ती मागायला येतात ते बहुधा काही दिवसांत. पुसलेल्या फाइलची आठवण यायला काही महिने लागतात.

आणि या प्रणालीत आणखी एक गोष्ट आहे, जी क्योतोच्या नेमकी उलट आहे. फाइल मूळ जागी आहे तोवर तिची ताजी आवृत्ती कधीच मुदतबाह्य होत नाही. दहा वर्षं कुणी तिला हात लावला नाही तरी ती राहते. हात न लागणं हा तिथे गुन्हा नाही. मुदतीचं घड्याळ सुरू होतं ते फाइल बदलली किंवा पुसली गेली तेव्हा, म्हणजे कुणीतरी काहीतरी केलं तेव्हा.

आजोबा-वडील-मुलगा ही पद्धत बहुतेकांना माहीत असते: रोजच्या काही प्रती, आठवड्याच्या काही, महिन्याच्या काही, आणि मागे जाल तसं विरळ होत जाणारं जाळं. तिच्याबद्दल मी फार लिहीत नाही, ती चांगली आहे. फक्त एवढं सांगते की महिन्याची प्रत म्हणजे त्या एका दिवसाची प्रत. पाच तारखेला तयार झालेली आणि वीस तारखेला पुसलेली फाइल महिन्याअखेरच्या कुठल्याच प्रतीत नसते. ‘आमच्याकडे दोन वर्षांचा बॅकअप आहे’ हे वाक्य ऐकणाऱ्याला यापेक्षा बरंच जास्त वचन देऊन जातं. तेव्हा ते वाक्य बोलताना मी जाळ्याची भोकंही सांगते.

मुदत ठरली, जुन्या प्रती काढल्या, तरी जागा लगेच मिळते असं नाही. नव्याने या कामात आलेल्या मुलांना हे समजावणं मला आवडतं, कारण इथे बॅकअपचं पोट आतून दिसतं. झेडएफएसचा स्नॅपशॉट त्या क्षणी डिस्कवर असलेल्या ब्लॉकना, म्हणजे डेटाच्या तुकड्यांना, धरून ठेवतो. नंतर फाइल बदलली की नवा ब्लॉक वेगळ्या जागी लिहिला जातो, जुना स्नॅपशॉटच्या हवाली राहतो. यादीत प्रत्येक स्नॅपशॉटसमोर त्याने अडवलेली जागा दिसते, पण ती फक्त त्या एकट्याने अडवलेली. दोन टेराबाइटचा एखादा सिम्युलेशनचा निकाल मूळ जागेवरून पुसला गेला असेल आणि सलग दहा स्नॅपशॉटमध्ये असेल, तर दहांपैकी एकासमोरही ते दोन टेराबाइट दिसत नाहीत. नऊ काढले तरी काही हलत नाही. दहावा काढला की एकदम दोन टेराबाइट मोकळे. घाईत असलेला माणूस इथे हमखास जास्त पुसतो: एक काढला, काही झालं नाही, आणखी एक काढला, काही झालं नाही. म्हणून आधी ड्राय रन, म्हणजे रंगीत तालीम, घ्यायची. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत काढलं तर नेमकं किती मिळेल, हे झेडएफएस काहीही न पुसता सांगतो.

डीडुप्लिकेशन करणाऱ्या, म्हणजे एकसारखे तुकडे एकदाच साठवणाऱ्या, साधनांत पुसणं दोन टप्प्यांत होतं. रेस्टिकमध्ये ‘फरगेट’ने स्नॅपशॉट यादीतून जातो, ‘प्रून’ने त्याचे अनाथ तुकडे. बोर्गमध्ये १.२ या आवृत्तीपासून ‘प्रून’ झाल्यावर जागा परत मिळवायला ‘कॉम्पॅक्ट’ वेगळं चालवावं लागतं. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर तर आधी वापरात असलेल्या प्रत्येक तुकड्यावर खूण करतो, आणि खूण नसलेला तुकडाही चोवीस तास पाच मिनिटं जुना झाल्याशिवाय काढत नाही. न जाणो, एखादा चालू असलेला बॅकअप त्याच तुकड्याच्या भरवशावर असेल. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यामधलं हे अंतर काही जण कटकट समजतात आणि दोन्ही कमांड एकाच ओळीत जोडून टाकतात. मी ते अंतर मुद्दाम वाढवते. पहिल्या टप्प्यातली चूक बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत कुणाच्या तरी लक्षात येते.

बॅक्युला या टेपवर बॅकअप घेणाऱ्या प्रणालीत याच गोष्टीचं वेगळं रूप आहे. तिथे तीन मुदती असतात: फायलींच्या नोंदींची, जॉबच्या नोंदींची, आणि प्रत्यक्ष टेपची. मूळ आकडे ६०, १८० आणि ३६५ दिवस. साठ दिवस झाले की कॅटलॉग, म्हणजे या नोंदींची वही, कोणत्या जॉबमध्ये कोणती फाइल होती ते विसरतो, पण टेपवर डेटा तसाच असतो. टेप पुन्हा लावून, सगळी वाचून, नोंदी परत उभ्या करता येतात. मुदत संपलेली टेपही बॅक्युला लगेच पुसत नाही. नव्या लिखाणाला जागाच उरली नाही तर मग तिला हात घालतो. शक्य तितका काळ तुमचा डेटा राहू द्यायचा, हा त्यामागचा विचार मला फार जवळचा वाटतो.

मात्र काही मुदती आपण न ठरवताही येतात. एलटीओ या बॅकअपसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या टेपचे ड्राइव्ह सातव्या पिढीपर्यंत आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचायचे. आठव्या पिढीचा ड्राइव्ह फक्त सातवी आणि आठवी वाचतो. कपाटात पाचव्या पिढीच्या टेप व्यवस्थित लेबल लावून उभ्या आहेत आणि ड्राइव्ह आठव्या पिढीचा आहे, तर त्या टेपची मुदत संपलेलीच आहे, यादीत काहीही लिहिलेलं असो. हिशेबाचंही तसंच. टॅली ७.२ मधला डेटा आजच्या टॅलीत थेट उघडत नाही, आधी रूपांतर करावं लागतं. ते रूपांतर जुना संगणक चालू असतानाच केलेलं बरं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. या मुदती ठरवायच्या कुणी?

आमच्या आस्थापना विभागात एक काका आहेत, आधी जिल्हा परिषदेत आयुष्य घालवून आता कराराने इथे काम करणारे. एकदा मी मुदतींचा तक्ता घेऊन सगळ्या विभागांत फिरत होते. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: “मॅडम, सगळं ठेवा ना.” काकांनी तक्ता चष्मा वर करून नीट वाचला आणि विचारलं, “यात ड वर्ग कुठाय?”

सरकारी दप्तरात वावरलेल्यांना हे सांगायला नको. जिल्हा परिषदेच्या अभिलेखात कागद अ, ब, क, क-१ आणि ड अशा वर्गांत लावलेला असतो. अ म्हणजे कायम. ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच, आणि ड एक वर्ष. “आणि हे कधी ठरतं माहितीय का?” काका म्हणाले, “प्रकरण निकाली काढताना. फाइल बंद करणाऱ्याला त्यात काय आहे ते ठाऊक असतं. दहा वर्षांनी रेकॉर्ड रूममध्ये जागा नाही म्हणून गठ्ठा सोडणाऱ्याला काय कळणार?”

मी विचारलं, मुदत संपली की मग थेट नाश?

“छे! आधी यादी. यादीवर साहेबांची मंजुरी. मग नाश, आणि काय नाश केलं त्याची नोंद कायम. कागद जातो, नोंद जात नाही.”

महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा २००५ चा आहे आणि विहित पद्धतीशिवाय सार्वजनिक अभिलेख नष्ट करता येत नाही, हे त्यात आहेच. पण पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून कारकुनांच्या हातात बसलेली आहे. संगणकावर आम्ही तीस दिवस, सात प्रती, चार आठवडे असे आकडे लिहीत होतो आणि त्या आकड्यांसमोर कुणाचंही नाव नव्हतं. काकांच्या वर्गवारीत पहिला प्रश्न काळाचा नाहीच. हे काय आहे, हा आहे. काळ त्यातून निघतो.

त्यानंतर आमचा तक्ता बदलला. डेटाचा प्रत्येक संच, तो कशाचा आहे, कुणाचा आहे, किती काळ, का, आणि मुदत संपल्यावर पुसायची परवानगी कोण देणार. शेवटच्या रकान्यात विभागाचं नाव चालत नाही, माणसाचं लागतं. तो माणूस संस्था सोडताना हा रकाना दुसऱ्याच्या नावावर करून जातो.

माणसांशी बोलायला बसलं की ‘सगळं ठेवा’ हळूहळू सुटत जातं. लेखा विभागाचंच घ्या. आवारात कलम ८ खाली नोंदलेली, म्हणजे ना-नफा, एक कंपनी आहे. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे तिची हिशेबाची पुस्तकं किमान आठ आर्थिक वर्षं ठेवायची, आणि इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून तो रोज घ्यावा लागतो. जीएसटीच्या नोंदींना वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. लेखा विभागाने यावरून आठ वर्षांच्या रोजच्या प्रती मागितल्या होत्या. मी विचारलं, ताई, आठ वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी दुपारी पुस्तक कसं दिसत होतं हे कधी लागेल? त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, “नाही लागणार. ऑडिट झाल्यावरचं लागेल.” म्हणजे दरवर्षी ऑडिटनंतरची एक पूर्ण प्रत, वेगळी, आठ वर्षं आणि वर थोडी. रोजच्या प्रती तीन महिने. हजारो प्रतींची मागणी इतक्या साध्या वाक्यात मिटली, आणि लेखा विभागाचं काहीही गेलं नाही.

लॉगचं उत्तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत आहे: किमान गेल्या १८० दिवसांचे, सतत पुढे सरकणारे.

संशोधनाचा डेटा सगळ्यात अवघड. इथे बॅकअप आणि अभिलेखागार या दोन गोष्टी लोकांच्या मनात इतक्या मिसळलेल्या असतात की त्या सोडवण्यातच निम्मी बैठक जाते. बॅकअप अपघातासाठी असतो: काल जे होतं ते आज परत मिळावं म्हणून. पाच वर्षांनी एखाद्या नियतकालिकाच्या परीक्षकाने मूळ मोजमापं मागितली, तर ती बॅकअपमधून शोधून काढायची वेळ येता कामा नये. ती निबंध पाठवतानाच वेगळी काढून, सोबत वर्णन लिहून, फाइल बदलली नाही हे ताडून पाहता येईल असा चेकसम काढून, फक्त वाचता येईल अशा जागी ठेवलेली हवीत. एक विद्यार्थिनी पीएचडी संपवून परदेशी गेली आणि बऱ्याच काळाने तिची ईमेल आली. तिला तिच्या यंत्रातून निघालेल्या कच्च्या फायली हव्या होत्या. तिचं खातं कधीच बंद झालेलं, बॅकअपमधल्या प्रती मुदतीप्रमाणे गेलेल्या. पण तिच्या मार्गदर्शकांनी प्रबंध सादर होण्याआधी त्या फायली अभिलेखागारात हलवून घेतल्या होत्या, तक्त्यात स्वतःचं नाव लिहिलं होतं. त्याच दुपारी तिला फायली मिळाल्या. यात बॅकअपचं काहीच श्रेय नाही. कुणीतरी वेळेवर ‘हा अ वर्ग’ म्हटलं, त्याचं आहे.

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवी. ठेवणं नेहमीच पुण्याचं नसतं. आमच्याकडे काही प्रकल्पांत माणसांची आरोग्यविषयक माहिती येते. ‘माझी माहिती काढून टाका’ असं सहभागी व्यक्ती म्हणू शकते, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ हेतू संपल्यावर वैयक्तिक माहिती पुसायला सांगतो. मूळ डेटाबेसमधून एक ओळ काढणं सोपं. पण त्या ओळीच्या प्रती प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये, प्रत्येक महिन्याच्या संचात, कपाटातल्या टेपवर असतात. हजार तुकड्यांत वाटलेल्या, एन्क्रिप्ट केलेल्या, मुद्दाम न बदलता येण्यासारख्या केलेल्या प्रतीतून एका माणसाला वेचून काढणं जवळपास अशक्य. तिथे मुदत हाच एक प्रामाणिक उपाय उरतो: या माहितीच्या प्रती अमुक दिवसांनी सगळीकडून गेलेल्या असतील, आणि तोवर जुनी प्रत पुनर्स्थापित करावी लागलीच तर काढलेल्यांची यादी तिच्यावर पुन्हा चालवली जाईल. अशा प्रकल्पांना वेगळी एन्क्रिप्शन की देतो. मुदत संपली की कीच नष्ट करायची. मग टेप कुठेही असली तरी तिच्यातलं वाचता येत नाही. ज्या बाईंनी विश्वासाने आपलं रक्त आणि आपली कहाणी एका अभ्यासाला दिली, त्यांच्याशी केलेला करार टेपच्या कपाटातही पाळला गेला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आणि जे पुसायचं नाही ते कुणालाच पुसता येऊ नये, याचीही सोय लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला, आणि रुग्णांच्या नोंदींचं काम बरेच दिवस कागदावर चाललं. तेव्हा सरकारने संसदेत सांगितलं होतं की डेटा परत मिळाला तो हल्ल्याची झळ न लागलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. रॅन्समवेअर चालवणारे आता आधी बॅकअपच शोधतात, आणि पुसण्याचा सर्वांत सोपा रस्ता म्हणजे मुदतीचाच नियम: तीसचा आकडा बदलून एक केला की बाकीचं काम आपलीच क्रॉन करते. म्हणून मुदतीचं कॉन्फिगरेशन बदललं की दोन माणसांना कळवणारी सूचना, बॅकअप पाठवणाऱ्या मशीनला पुसण्याचा अधिकारच नाही, आणि एक प्रत ऑब्जेक्ट लॉकमध्ये, म्हणजे मुदत संपेपर्यंत पुसता न येणाऱ्या साठ्यात. ॲमेझॉनच्या एस३ या क्लाउड साठ्याच्या ऑब्जेक्ट लॉकमध्ये कंप्लायन्स मोड लावला, तर तारीख येईपर्यंत खात्याच्या मालकालाही ती प्रत काढता येत नाही, मुदत कमीही करता येत नाही. त्यामुळे तिथे आकडा लिहिताना हात जरा जपूनच चालतो. चुकून सात वर्षं लिहिली तर सात वर्षं भाडं भरायचं.

आता पुसण्याचा दिवस आमच्याकडे असा असतो. दर तिमाहीला मुदत संपलेल्या संचांची यादी निघते आणि ज्यांची नावं आहेत त्यांना जाते. उत्तर आलं नाही म्हणजे होकार, असं आम्ही धरत नाही. होकार आला की त्या संचाच्या नंतरच्या एका प्रतीतून काही फायली खरोखर परत काढून, उघडून बघतो; मागची प्रत काढायची तर पुढची चालते हे डोळ्यांनी पाहिलेलं हवं. मग ड्राय रन, तिचा निकाल दुसऱ्या माणसाने वाचायचा. मग यादीतून काढणं. काही दिवसांनी प्रत्यक्ष पुसणं. आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे, काय पुसलं त्याची नोंद कायम. नोंदवहीत फायलींची नावं नसतात, फक्त संच, तारीख, कुणी परवानगी दिली, आणि का.

ज्या संचांबद्दल अजून ठरलेलं नाही त्यांच्यावर झेडएफएसचा होल्ड असतो. होल्ड असेपर्यंत स्नॅपशॉट काढायची कमांड चालतच नाही, कितीही जागा लागत असो. सध्या असा एक मोठा संच आहे, निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या मेलपेट्यांचा. त्यात संस्थेचा पत्रव्यवहार आहे, न छापलेल्या निबंधांवरच्या चर्चा आहेत, आणि त्यांच्या घरच्या गोष्टीही आहेत. प्रशासनाला तो काढायचा आहे, ग्रंथपालांना त्यातला काही भाग अभिलेखागारात हवा आहे, आणि स्वतः प्राध्यापकांना अजून कुणी विचारलेलंच नाही. पुढच्या तिमाहीच्या बैठकीआधी त्यातल्या प्रत्येकाला किंवा घरच्यांना पत्र जाणार आहे. पूल ७४ टक्क्यांवर आहे, चार डिस्क मागवल्या आहेत, आणि तक्त्यातला परवानगीचा रकाना भरल्याशिवाय त्या होल्डला मी हात लावणार नाही.